कोऱ्या कागदावरची खाडी : भूगोलातील प्रकरणाभ्यासाची उजळणी

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या भाषणाची संहिता)



भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचे एक वाक्य आहे : ‘त्यामुळे पर्यावरणाचा मोठ्या प्रमाणावर ऱ्हास झाला.’ प्रश्न खाणीचा असो, धरणाचा असो, बंदराचा असो वा वणव्याचा, हे वाक्य हजर असतेच. ते खोटे नसते, परंतु ते कोणत्याच जागेचे नसते. कोणत्याही गावाच्या पाटीखाली ते ठेवता येते, आणि म्हणूनच परीक्षक त्याला गुण देताना हात आखडता घेतो. हे वाक्य लिहिणारा विद्यार्थी आळशी असतो असे मात्र समजू नये. बहुधा त्याने तो पाठ चार वेळा वाचलेला असतो, ओळींखाली पिवळ्या आणि गुलाबी रेघा ओढलेल्या असतात. उत्तर लिहायला घेतल्यावर त्याला पानाचा रंग आठवतो, रेघ कोणत्या कोपऱ्यात होती तेही आठवते. रेघेवरचा मजकूर तेवढा आठवत नाही.

प्रकरणाभ्यास, ज्याला वर्गात सर्रास ‘केस स्टडी’ म्हटले जाते, तो लक्षात ठेवणे इतर पाठांतराहून अवघड का जाते? व्याख्या दोन ओळींची असते, पाढ्याला ताल असतो. प्रकरणाभ्यासात मात्र स्थळे, तारखा, कारणे, परिणाम, माणसे आणि उपाय एकाच गाठोड्यात बांधलेली असतात, आणि ते गाठोडे बहुधा विद्यार्थ्याने कधीही न पाहिलेल्या गावाचे असते. म्हणूनच या विवेचनासाठी मुद्दाम दूरचे एक गाव निवडले आहे : चेन्नईच्या उत्तर टोकाचे एन्नोर. महाराष्ट्रातील फार थोड्या मुलांनी ते पाहिले असेल. ओळखीचा आधार नसलेली जागा स्मरणात कशी रुजवावी, याची परीक्षा अशाच गावावर घेता येते. या गावाला दुसरेही एक महत्त्व आहे. शाळेच्या पहिल्या तुकडीने साठ वर्षांपूर्वी भिंतीवरच्या नकाशावर मद्रास शोधले, तेव्हा एन्नोरला वीजकेंद्र नव्हते आणि बंदरही नव्हते. आज भूगोलाच्या पुस्तकातील निम्मी प्रकरणे त्या एका खाडीभोवती उभी करता येतील.

गावाकडे वळण्यापूर्वी विस्मरणाविषयी दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि काही काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात हे मोजायचे, अशी त्याची रीत होती. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक श्रम वाया गेलेले असत. त्यानंतर मात्र विस्मरणाचा वेग मंदावे. म्हणजे गळती सुरुवातीलाच मोठी असते आणि पहिली उजळणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात होते ती उजळणी नसून बहुतेक वेळा नव्याने केलेला अभ्यासच असतो.

दुसरा प्रयोग विद्यार्थ्यांना अधिक जवळचा वाटेल. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून पाहणाऱ्यांना ६१. याहून मार्मिक गोष्ट अशी की, आपल्याला चांगले आठवेल असा अधिक विश्वास वाचणाऱ्या गटालाच होता. वारंवार वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा मनाचा समज होतो. पिवळ्या रेघांचा दोष हाच. त्या ओळख वाढवतात, आठवण वाढवत नाहीत.

तेव्हा पुस्तक मिटून कोरा कागद समोर घ्यावा. एन्नोर एकदा नीट वाचून झाले आहे असे धरू या. कागदावर पहिला शब्द लिहू नये. पहिली ओढावी ती रेघ.

ती रेघ किनाऱ्याची. वर उत्तर, उजव्या हाताला बंगालचा उपसागर. किनाऱ्याच्या मध्यावर एक खाच पाडावी. ही एन्नोरची खाडी, कोसस्थलैयार नदीचे मुख. नदी पश्चिमेकडून येते आणि तिची लांबी १३६ किलोमीटर आहे. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. त्याच्या सुमारे सत्तर टक्के, असे म्हटले की हा आकडा विसरत नाही. किनाऱ्याला समांतर आणि त्याच्या किंचित आत दुसरी उभी रेघ ओढावी. हा बकिंगहॅम कालवा. १८०६ साली त्याचा पहिला टप्पा मद्रासपासून एन्नोरपर्यंत झाला. खाडीच्या दक्षिणेला एन्नोर गाव आणि जुने औष्णिक वीजकेंद्र : १९७० मध्ये सुरू झालेले, ४५० मेगावॉटचे, २०१७ मध्ये बंद पडलेले. नैर्ऋत्येला थोडे आत मणली, तेलशुद्धीकरणाचे आणि रसायनांचे क्षेत्र. खाडीच्या उत्तरेला उत्तर चेन्नई आणि वळ्ळूर ही मोठी वीजकेंद्रे, आणि किनाऱ्यावर कामराजर बंदर. २००१ मध्ये सुरू झालेले हे देशातील बारावे प्रमुख बंदर. ते प्रामुख्याने वीजकेंद्रांसाठी कोळसा उतरवून घ्यायला बांधले गेले आणि २०१४ पर्यंत एन्नोर बंदर म्हणूनच ओळखले जाई. आणखी वर, कागदाच्या टोकाला, पुलिकतचे सरोवर.

आता खाडीच्या दोन्ही काठांवर ठिपके द्यावेत. ही कुप्पमे. ‘कुप्पम’ म्हणजे कोळीवाडा, एवढे एकदा कळले की नावे स्वतःच बोलू लागतात. पेरियकुप्पम म्हणजे मोठा कोळीवाडा. काट्टुकुप्पम म्हणजे रानातला कोळीवाडा. मुगत्तुवारक्कुप्पम हे नाव पाहून विद्यार्थी घाबरतात. पण त्यात ‘मुखद्वार’ लपलेले आहे हे लक्षात आले की नदीमुखावरची ही वस्ती नकाशात कुठे दाखवावी याची शंका उरत नाही. कोसस्थलैयारच्या शेवटी असलेला ‘आर’ म्हणजे तमिळमध्ये नदीच. परक्या भाषेतील नावे घोकून पाठ करण्यापेक्षा त्यांचा अर्थ विचारावा. स्थलनाम हा बहुतेक वेळा भूगोलाचा सर्वांत जुना धडा असतो.

हा नकाशा काढायला पाच मिनिटे पुरतात. तो सुबक नसला तरी चालेल. पुस्तक उघडून चुका लाल शाईने दुरुस्त कराव्यात आणि तो कागद फेकून द्यावा. दुसऱ्या दिवशी नवा कागद, मग आठवड्याने, मग महिन्याने. सुंदर नकाशा वहीत चिकटवून ठेवणाऱ्यापेक्षा चार वाईट नकाशे फाडणारा विद्यार्थी परीक्षेत सरस ठरतो, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

नकाशा झाला की साखळी. भूगोलात ‘भौगोलिक कारणे लिहा’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातो, कारण त्यांनी कारणे सुटी सुटी पाठ केलेली असतात. एन्नोरची साखळी अशी आहे. कोळसा समुद्रमार्गे आणणे सोयीचे, म्हणून वीजकेंद्र किनाऱ्यावर. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, साधारण ३० ते ४५ टक्के; म्हणून राखेचे डोंगर. ती राख पाण्यात कालवून नळांतून राखतळ्याकडे नेली जाते. नळ गळतात. राख खाडीत आणि भोवतालच्या पाणथळीत बसते, तळ वर येतो, पाणी उथळ होते. भरती-ओहोटीचे पाणी पूर्वीसारखे आत-बाहेर खेळत नाही. कोळंबी, खेकडे आणि मासे कमी होतात, कोळ्याचे जाळे हलके येते. आणि पावसाळ्यात वरून आलेल्या पुराला समुद्राकडे जाण्याची वाट अरुंद झालेली असते, म्हणून पाणी वस्तीत शिरते.

ही साखळी सरळ म्हणता येणे पुरेसे नाही. या बाबतीत जुन्या वेदपाठशाळांची आठवण होते. पाठांतराची ती परंपरा केवळ घोकंपट्टीची होती असा समज आहे. तो बरोबर नाही. जटापाठात पहिले पद आणि दुसरे, मग दुसरे आणि पहिले, मग पुन्हा पहिले आणि दुसरे, असे उलटसुलट म्हणावे लागते. घनपाठात तिसरे पदही या गुंफणीत येते. हेतू हा की ओघात एखादे पद निसटले तर ते तत्काळ ध्यानात यावे. ताल माणसाला फसवतो. उलटा क्रम फसवू देत नाही. प्रकरणाभ्यासाची साखळीही अशीच उलट म्हणावी. मणलीच्या बाजूला पूर का ओसरला नाही? मुखाजवळ पाणी अडले. का अडले? तळ वर आला. तळ कशाने वर आला? राखेने. राख कुठून आली? असे मागे मागे जात कोळशाच्या जहाजापर्यंत पोहोचता आले तर साखळी पक्की झाली. मध्येच थांबावे लागले तर नेमका कोणता दुवा कच्चा आहे ते कळते, आणि तेवढ्याच दुव्यासाठी पुस्तक उघडावे.

घरात यासाठी परीक्षक सहज मिळतो. भूगोल न शिकलेली आजी किंवा पोळ्या लाटणारी आई या कामाला शिक्षकापेक्षाही उपयोगी पडते. मुलगी सांगते, “आई, राख पाण्यात गेली की खाडी उथळ होते.” आई विचारते, “बरं, मग?” मुलगी म्हणते, “मग मासे कमी होतात.” आईचा पुढचा प्रश्न असतो, “उथळ झाली म्हणून मासे का गं कमी होतील?” येथे मुलगी अडते, आणि तिचा खरा अभ्यास या क्षणी सुरू होतो. शिक्षक हा प्रश्न कदाचित विचारणारही नाही. त्याला उत्तर ठाऊक असल्याने मुलीच्या वाक्यातील रिकामी जागा तो मनातल्या मनात भरून घेतो. पालकांनी हातात पुस्तक धरून शब्द पडताळू नयेत. ‘म्हणजे काय?’ आणि ‘मग?’ एवढे दोन प्रश्न पुष्कळ आहेत.

आता या प्रकरणातील सर्वांत निसरडी जागा. एन्नोरच्या किनाऱ्यावर थोड्या वर्षांत तीन दुर्घटना घडल्या आणि परीक्षेत त्यांची सरमिसळ हटकून होते. २८ जानेवारी २०१७च्या पहाटे बंदराबाहेर बीडब्ल्यू मेपल आणि डॉन कांचीपुरम ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली आणि तेल समुद्रात सांडले. डिसेंबर २०२३च्या आरंभी मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने पूर आला, तेव्हा मणलीच्या तेलशुद्धीकरण क्षेत्रातून तेल पुराच्या पाण्याबरोबर कालव्यात, तेथून नदीत आणि खाडीत उतरले. त्याच महिन्यात २६ तारखेच्या रात्री खतकारखान्यासाठी समुद्राखालून टाकलेल्या नळातून अमोनिया सुटला. पेरियकुप्पम आणि आसपासच्या वस्त्यांतील माणसे मध्यरात्री घरे सोडून पळाली आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले.

एकाच ठिकाणच्या सारख्या घटना स्मरणात एकमेकींवर बसतात. त्या पुन्हा पुन्हा वाचल्याने गुंता सुटत नाही, उलट वाढतो. त्यासाठी भेदाची खूण हवी, आणि ती नकाशावरच सापडते. पाच मिनिटांच्या त्या नकाशावर तीन बाण काढावेत. २०१७चा बाण समुद्राकडून, उजवीकडून येतो. मिचाँगचा बाण जमिनीकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि कालव्याच्या रेघेवरून खाडीत उतरतो. अमोनियाचा बाण पाण्याखालून निघतो आणि हवेत चढतो. दिशा वेगळ्या म्हणून कारणे वेगळी, जबाबदारी वेगळी, उपायही वेगळे. जहाजांच्या टकरीवर ‘नाल्यांची सफाई’ हा उपाय लिहिणारा विद्यार्थी दिसतो, तेव्हा त्याच्या मनातल्या नकाशावर बाण नाहीत हे उघड असते.

तारखांसाठी ओळखीच्या खुंट्या शोधाव्यात. २६ डिसेंबर ही २००४च्या त्सुनामीची तारीख. बरोबर एकोणीस वर्षांनी त्याच तारखेच्या रात्री त्याच किनाऱ्यावरील लोक पुन्हा अंधारात धावले. ही खुंटी एकदा बसली की निघत नाही. २०१७च्या टकरीसाठी खुंटी मुंबईत आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे आदळली होती. तेल पसरले, समुद्रात कंटेनर तरंगले, उरण-अलिबागकडच्या कोळ्यांची मासेमारी थांबली. दोन्ही घटना शेजारी शेजारी मांडाव्यात. एक ऐन पावसाळ्यातली, दुसरी थंडीतली. एक अरबी समुद्रातली, दुसरी बंगालच्या उपसागरातली. मग आपोआप प्रश्न पडतो : एन्नोरचे तेल दक्षिणेला मरिना किनाऱ्याकडे का वाहत गेले? जानेवारीत वारा ईशान्येकडून असतो. या उत्तराबरोबर मोसमी वाऱ्यांच्या पाठाचीही उजळणी होऊन जाते. प्रकरणाभ्यास इतर पाठांना असा बांधला गेला की त्याचे ओझे कमी होते.

आकड्यांविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. शिकवण्यांच्या टिपणांत आकड्यांची रास असते आणि विद्यार्थी ती उतरवत बसतात. दहावीच्या भूगोलाची प्रश्नपत्रिका ४० गुणांची आणि दोन तासांची. एका टिपेत चार आकडे आले तरी पुष्कळ झाले. उत्तराला आधार देणारा आकडा ठेवावा, शोभेचा सोडावा. एन्नोरसाठी तीन तारखा आणि राखेची टक्केवारी ठेवली तर उत्तर उभे राहते. मेगावॉटचे आकडे विसरले तरी ते पडत नाही. चुकीचा आकडा ठामपणे लिहिण्यापेक्षा ‘मोठ्या क्षमतेचे’ असे लिहिणे अधिक प्रामाणिकपणाचे, आणि परीक्षकही ते मान्य करतात.

काही वेळा एखादा शब्दच सगळे प्रकरण धरून ठेवतो. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०१७च्या आरंभी गायलेले ‘चेन्नई पोरम्बोक पाडल’ हे गीत याच खाडीच्या परिसरात चित्रित झाले. पोरम्बोक हा महसुली भाषेतील शब्द; सारा न आकारलेली, सर्वांच्या वापराची जमीन असा त्याचा अर्थ. मराठी मुलखात गायरान म्हणतात त्या जातीचा. कालांतराने बोलण्यात ‘पोरम्बोक’ ही शिवी झाली : निरुपयोगी, टाकाऊ. ज्या जमिनीला शिवी मिळाली तिच्यावर राख टाकणे सोपे जाते. बारावीच्या विद्यार्थ्याने हा एक शब्द उत्तरात योग्य जागी वापरला, तर जमीन-वापराचा सगळा मुद्दा त्याच्या मागून येतो.

उत्तरात माणसे असावीत, असे शिक्षक नेहमी सांगतात. पण ती कुठे असावीत हे क्वचित सांगितले जाते. शेवटच्या परिच्छेदात ‘मच्छीमारांचे नुकसान झाले’ असे जोडून दिलेले वाक्य म्हणजे पाहुण्याला निघताना पाणी विचारण्यासारखे आहे. नकाशावर ठिपके सुरुवातीलाच काढले असतील तर प्रत्येक बाण कोणत्या ठिपक्यावर जाऊन थांबतो ते दिसते आणि माणसे उत्तरात आपल्या जागी येतात. २०१७ मध्ये किनाऱ्यावर साचलेले काळे तेल लोकांनी बादल्यांनी उपसले. ही बादली उत्तरात आली तर ‘आपत्ती व्यवस्थापनातील त्रुटी’ या बोजड शब्दप्रयोगाला अर्थ येतो. आणि विद्यार्थ्याला उत्तर आठवतेही, कारण बादली डोळ्यांपुढे उभी राहते, त्रुटी राहत नाही.

नकाशा पुन्हा पुन्हा काढायला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते परीक्षेच्या पलीकडचे आहे. एन्नोरच्या खाडीचा १९९६ साली मान्य झालेला किनारी नकाशा आहे. त्यात दिसणारी खाडी पुढे वापरल्या गेलेल्या दुसऱ्या नकाशात दिसतच नाही, असा आक्षेप चेन्नईतील पर्यावरण कार्यकर्त्यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे घेतला. वाद सरकारी दप्तरांचा आहे आणि त्याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण असा वाद उभा राहू शकतो, कागदावर खाडी आहे की नाही यावर तिच्या काठचे कारखाने आणि कोळीवाडे अवलंबून असू शकतात, हे भूगोलाच्या विद्यार्थ्याने जाणून असावे. ज्याने ती खाडी पाचसात वेळा स्वतःच्या हाताने काढली आहे, त्याच्यासमोर खाडी नसलेला नकाशा ठेवला तर त्याचे बोट नेमके त्या कोऱ्या जागेवर जाईल.

उद्यापासून नववी ते बारावीच्या भूगोलाच्या तासाला पहिली पाच मिनिटे कोऱ्या कागदांची असतील. पुस्तके दप्तरात राहतील. पहिल्या दिवशी एन्नोर, परवा पुन्हा एन्नोर, आणि पुढच्या सोमवारी कुणालाही न सांगता तिसऱ्यांदा एन्नोर. कागद पाठकोरे चालतील. कार्यालयात जुन्या परिपत्रकांचे गठ्ठे पुष्कळ आहेत. रबर आणू नये. लाल पेन मात्र प्रत्येकाने आपापले आणावे.